समाजमंदिरातली चूल

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ट्रॅक्टर येतात, ट्रॉल्यांमध्ये भांडी, पांघरुणं, कोंबड्या, शेळ्या आणि माणसं चढतात, आणि आठवडाभरात गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. ऊसतोडीला गेलेले लोक पाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर गावात उरतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेली शाळकरी पोरं, थोडे जमीनवाले आणि माझ्यासारखे पेन्शनवाले.

मी नर्स होते. नोकरीची बरीचशी वर्षं राजूरकडच्या डोंगरात गेली. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या गावी आले, त्याच जिल्ह्याच्या पार पूर्वेला, बीडच्या हद्दीजवळ. आम्ही ख्रिस्ती. गावात आमची नऊ घरं आणि पत्र्याचं एक छोटं प्रार्थनामंदिर. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर येतात. लोक मला अजूनही 'सिस्टर' म्हणतात, आणि कोणाला ताप आला की आधी माझ्याकडेच येतात.

माझ्या घरासमोर एक मावशी राहते. वय पंचाहत्तरच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की गल्लीच्या दुसऱ्या टोकाची शेळी थांबावी. तिचा मुलगा आणि सून तोडीला जातात. नात सहावीत. त्या वर्षी नातीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजीपाशी ठेवलं होतं.

नात रोज माझ्या नळावर पाणी भरायला यायची. शाळेतून आली की आधी एक छोटा स्टीलचा डबा विसळायची आणि मग घागर भरायची. डबा खिचडीचा होता, हे मला वासावरून कळायचं. शाळेतली खिचडी मुलं शाळेतच खातात, ती घरी कशाला येते, हा प्रश्न मला महिनाभर पडला नाही. तेहतीस वर्षं मी लोकांच्या नाड्या बघितल्या. अंगणवाडीतल्या पोरांचे दंड टेपने मोजले. आणि समोरच्या दारातून रोज जाणारा डबा मला दिसत होता, पण दिसत नव्हता.

नाताळ तीन-चार दिवसांवर आला होता. मी करंज्या तळत होते. सोमवार होता, आणि शाळेला कसलीशी सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमारास नात दारात येऊन उभी राहिली.

"सिस्टर, आज्जी उटंना."

एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि तशीच पळाले.

मावशी भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती. डोळे अर्धे उघडे, जीभ कोरडी, नाडी दोऱ्यासारखी. साखर-मिठाचं पाणी केलं आणि चमच्याचमच्याने पाजत बसले. अर्ध्या तासाने तिने माझ्याकडे नीट पाहिलं. पेज करावी म्हणून मी पिठाच्या डब्यात हात घातला, तर बोटांना तळ लागला. तांदळाचा डबा उघडला. त्यात एक सुई आणि दोन बटणं होती.

"कधीपासून?" मी नातीला विचारलं.

ती आजीकडे बघायला लागली. मग हळूहळू कळलं. मुलगा जाताना ठेवून गेला होता ते महिन्याभरात संपलं. रेशनच्या दुकानात मावशीचा अंगठा मशीनवर उठत नव्हता. आयुष्यभर कोयता धरून आणि शेणामातीत काम करून बोटं इतकी घासली होती की रेषाच उरल्या नव्हत्या. दोनदा गेली, दोनदा परत आली, तिसऱ्यांदा गेलीच नाही. नात शाळेत अर्धी खिचडी खायची आणि अर्धी आजीला आणायची. शनिवारी खिचडी मिळाली. रविवारी नाही, सोमवारी नाही.

"मला हाक मारायची ना, मावशी. दहा पावलांवर तर घर आहे."

"आन् काय सांगायचं?" तिचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. "लेकानं आईला उपाशी ठिवली, आसं गावानं म्हनायचं? त्यो तिकडं थंडीत मोळ्या वाहतोय. त्याला कळलं आसतं तर समदं टाकून आला आसता."

नातीकडून माझ्या घरचे तांदूळ आणवले, त्याच चुलीवर दोघींपुरती पेज केली आणि उरलेले तिथेच ठेवले. घरी आले तेव्हा कढईतलं तेल गार होऊन करंज्या त्यात तशाच पडल्या होत्या. मी त्या बाहेर काढल्या आणि खुर्चीवर बसून राहिले. आणखी एखादा दिवस गेला असता तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी बी.पी.चं मशीन घेऊन घरोघर फिरले. मशीन हे निमित्त होतं. बोलता बोलता मी चुलीकडे बघत होते. कुलपं नसलेल्या घरांत वीसएक म्हातारी माणसं होती. सगळी उपाशी होती असं नाही. पण एकट्यासाठी कोण रांधणार म्हणून सकाळचं शिळं संध्याकाळी, चटणीसंगं चतकोर, नाहीतर चहा पिऊन झोपायचं, हे बहुतेक घरांत होतं. गोळ्या रिकाम्यापोटी घ्यायच्या नाहीत म्हणून कित्येकांनी गोळ्याच सोडल्या होत्या.

नाताळच्या उपासनेनंतर मी मंडळीत उभी राहिले आणि पाहिलं ते सांगितलं. आमच्याकडे त्या दिवशी प्रीतिभोजन असतं. पाळक म्हणाले, "मग आज पहिलं ताट मावशीकडे जाऊ दे." मी स्वतः भात, वरण आणि बटाट्याची भाजी घेऊन गेले.

मावशीने डब्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"बाई, त्या दिवशी मी सुदीत नव्हते, तुमी पाजलं ते पिले. आता सुदीत हाय."

"मावशी, साधा भात आहे."

"भाताचं काय न्हाई वो. लोक म्हनत्याल, म्हातारी बाटली."

तिच्या नकारात धर्म किती आणि जात किती, हे मला विचारायची गरज नव्हती. लहानपणापासून मला ते वजन ओळखता येतं. मी डबा उचलून परत आले. गंमत अशी की कोरडं पीठ घ्यायला तिची हरकत नव्हती. ते तिने घेतलं, तेही उसनं म्हणून. तेवढ्यावर तिची चूल पेटती राहिली आणि माझा जीव थोडा खाली बसला. पण वीस घरांना मी एकटी किती दिवस पीठ पुरवणार?

मग मी विठ्ठलाच्या देवळात गेले. तिथे भजनी मंडळाचे बुवा असतात. सत्तरीला आलेले, थोडी जिरायत जमीन, आणि सप्ताहाची सगळी व्यवस्था त्यांच्या हातात. देवळाच्या कोठीत सप्ताहाचं धान्य उरलेलं असतं, हे मला माहीत होतं. मी पायरीवर बसले, पाहिलेलं सांगितलं, आणि सगळ्यांसाठी रोज एकत्र एक चूल पेटवावी, असंही म्हणाले. बुवांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

"म्हातारी माळकरी हाय," ते म्हणाले. "देवळापासून शंभर पावलांवर ऱ्हाती. आन् मला ठावं न्हाई." मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, येक बोलू का? राग धरू नका. धान्य काढतो. पन तुमच्या लोकांचं नाव आलं की आमच्यातले चारदोन जन बिथरनार."

"मग आमचं नाव नका घेऊ. चूल देवळाची म्हणा. आम्ही भांडी घासू."

बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच बोलल्याचं वाईट वाटलं.

"खोटं कशापायी बोलायचं?" ते उठले आणि उपरणं झटकलं. "चला मशिदीत. मोठी पातेली आन् शेगडी त्यांच्यापाशी हाय. सप्ताहाला आमी तिथूनच आनतो."

मशिदीतले मौलाना जेमतेम तिशीचे, मराठवाड्यातून आलेले. आमचं बोलणं संपायच्या आधीच म्हणाले, "आपा, आमच्या मोहल्ल्यात पण असे तिघं आहेत. एक चाचा तर बिस्किटावर राहतात. जुम्म्याला मी बोललो होतो. सगळे हो म्हणाले, पण रोज कोण करणार, तिथं गाडी अडली." मग म्हणाले, "आणि एक. रोजचं जेवण शाकाहारीच ठेवा. मग कोणाला शंका नको."

ही अट आपण कशी घालायची, याचाच विचार बुवा वाटभर करत होते. त्यांनी नुसती मान हलवली, पण चेहरा मोकळा झाला.

जागेचं मात्र अवघड होतं. देवळात सगळे येणार नाहीत, मशिदीत येणार नाहीत, आमच्याकडे तर नाहीच. शेवटी ग्रामपंचायतीशेजारचं समाजमंदिर ठरलं. तिथे जुन्या पाइपा आणि फाटके बॅनर भरून ठेवले होते. ग्रामसेवकाने किल्ली दिली. आमच्या तिन्हीकडच्या बायकांनी मिळून ते धुऊन काढलं, आणि संक्रांतीनंतर तिथे चूल पेटली.

पहिल्या दिवशी वीस जणांचा स्वयंपाक केला. आले चौघं. त्यातला एक नुसता बघायला आला होता. आमटीचं पातेलं तसंच भरलेलं. बुवा दाराशी उभे राहून रस्ता बघत होते.

"भूक न्हाई वाटतं कुनाला," ते म्हणाले.

"भूक आहे, बुवा," मौलाना म्हणाले. "शरम जास्त आहे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मावशी काठी टेकत आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने भाकऱ्यांच्या टोपलीत डोकावून पाहिलं.

"ह्या भाकरी हायेत का पापड?"

भाकरी करणारी आमच्या मंडळीतली एक बाई होती. ती काही बोलणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मग तुम्ही दाखवा करून."

 मावशी परातीकडे बघत तिथेच उभी राहिली. मग काठी भिंतीला लावली, बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि आत येऊन परातीपुढे बसली. पीठ हातात आल्यावर तिची पाठ सरळ झाल्यासारखी वाटली. थापटी पडायला लागली. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, आणि विस्तवावर टम्म फुगली. आम्ही सगळ्या बघत राहिलो. बारा भाकऱ्या झाल्यावर तिने त्यातली एक घेतली, कनवटीची चटणीची पुडी सोडली आणि कोपऱ्यात बसून खायला लागली.

"माझ्या हातची हाय, माझी मी खाते," ती कोणी न विचारताच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिच्यामागे सहा म्हातारी माणसं आली. चौथ्या दिवशी अकरा. मी तिला विचारलं, "मावशी, काय सांगितलंत त्यांना?"

"कामाला चला म्हनलं. जेवायला चला म्हनलं आसतं तर कोन आलं आसतं?"

तेव्हा मला कळलं की आम्ही तिघांनी महिनाभर धान्य, भांडी आणि जागेचा विचार केला होता, पण मुख्य गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. त्यानंतर समाजमंदिर त्यांचंच झालं. बिस्किटावर राहणारे चाचा कांदे चिरायला बसले. डोळ्यांनी कमी दिसणारी एक आजी लसूण सोलायची, तेवढं बोटांनी दिसतं म्हणायची. कोणी डाळ निवडायचं, कोणी सरपण फोडायचं. आम्ही बायका वरकाम करायचो आणि शिव्या खायचो. गोळ्या घेतल्या का, हे मी जेवणानंतर तिथेच विचारायचे.

मावशी मात्र पंधराएक दिवस फक्त आपली भाकरी आणि आपली चटणी खात होती. आमटी आमच्यातली बाई करायची. एक दिवस आमटीऐवजी हुलग्याचं माडगं झालं होतं. मावशीने भाकरी मोडली, पुडी सोडायला हात कनवटीला नेला, आणि तसाच थांबवला. मग शेजारच्या आजीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "बरं झालंय का ते?" आजी म्हणाली, "लई बेस." मावशीने आपली वाटी पुढे केली. वाढणाऱ्या बाईने ती काठोकाठ भरली. मी पातेल्याकडे बघत उभी राहिले. वर बघितलं असतं तर रडले असते.

पण सगळंच सरळ झालं नाही. फेब्रुवारीत मावशीचा एक पुतण्या मोबाईल हातात नाचवत जेवणाच्या वेळीच आला. कोणीतरी आमचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकून खाली वाटेल ते लिहिलं होतं.

"काकू, ऊठ," तो म्हणाला. "तुला कळतंय का हे काय चाललंय? आज भात घालत्यात, उंद्या गळ्यातली माळ काढून घेत्याल."

सगळे हात थांबले. बुवा उठायला लागले, पण मावशीने त्यांना हाताने बसवलं.

"मी घरात पडले हुते तवा तू कुटं हुतास?"

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"ह्यांना तरी कुनी सांगितलं हुतं? तुजं घर माज्या मागच्या आळीला. दिवाळीपसनं येकदा तरी डोकावलास?" तिने गळ्यातली माळ दोन बोटांनी उचलून दाखवली. "ही बघ, हाय जागच्या जागी. आता आलाच हायेस तर बस. भाकरी मी केल्यात. चूळ भर आन् बस."

तो बसला नाही. मोबाईल खिशात घालून निघून गेला. दोन दिवसांनी समाजमंदिराच्या दारात सरपणाची एक मोळी पडलेली होती. ती कोणी टाकली, हे सगळ्यांना कळलं, आणि कोणी विचारलं नाही.

अंगठ्याचं काम अजून राहिलं होतं. मी, बुवा आणि मौलाना मावशीला घेऊन एसटीने तालुक्याला गेलो. कचेरीतल्या क्लार्कने आधी मौलानांची टोपी पाहिली, मग बुवांचं गंध, मग माझ्या गळ्यातला क्रूस.

"तुम्ही सगळे एकाच कामाला?" त्याने विचारलं.

"येकाच अंगठ्याला," बुवा म्हणाले.

क्लार्क हसला आणि त्याने खुर्च्या मागवल्या. ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांच्यासाठी नियमात वेगळी सोय आहे. ती गावात कोणी सांगितली नव्हती, एवढंच. त्याने अर्ज स्वतःच लिहून दिला. वर म्हणाला, गावात आणखी कोणी असतील तर एकदमच घेऊन या. आणखी पाच निघाले. पुढच्या महिन्यात मावशीच्या घरात गहू आणि तांदूळ आले. तिने आधी माझं उसनं पीठ फेडलं, आणि तेही शीग लावून.

रमजान लागला तेव्हा मला काळजी वाटली होती. उपवास करून मशिदीकडच्या बायकांनी चुलीपुढे कसं बसायचं? बुवांच्या सुना म्हणाल्या, महिनाभर त्यांची पाळी आम्ही करतो. मग एकादशीला बुवांच्या घरच्यांचा उपवास, तर त्या दिवशी आमच्यातल्या दोघी गेल्या. रविवारी सकाळी आमची उपासना असते, तेव्हा देवळातल्या बायका. हे कोणी बसून ठरवलं नाही. बायकांनी नळावर एकमेकींना विचारून जमवलं. ईदला मौलानांनी शीरखुर्म्याचं मोठं पातेलं पाठवलं, आणि मावशीने दोन वाट्या खाऊन वर "शेवया जरा जास्त शिजल्या" असंही सांगितलं.

तोडीवरची माणसं परतायला लागली. मावशीचा मुलगा आणि सून आले त्या दुपारी मी ओट्यावरच होते. आईचं अंग भरलेलं बघून मुलगा खुश झाला. मग नातीने आईला सगळं सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने सून माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. तिचे तळहात वाळक्या सालासारखे झाले होते. तिच्यामागून मुलगा आला आणि पायरीवर बसला.

"रोज फोन करायचो, सिस्टर. जेवलीस का म्हनून इचारायचो. व्हय म्हनायची."

समोरच्या दारातून मावशी ओरडली, "मंग काय सांगू? 'न्हाई' म्हनले आसते तर तू काय फोनातनं वाढनार हुतास?"

तो हसायला लागला आणि हसता हसता रडला. मी त्याला रडू दिलं. नंतर त्याला सांगितलं की आईचं बी.पी. आता माझ्यापेक्षा बरं आहे, आणि ते खरंच होतं.

पाडव्यानंतर समाजमंदिरात त्या हंगामातलं शेवटचं जेवण झालं. परतलेली सगळी घरं आली, त्यामुळे अंगणातही पंगत बसवावी लागली. वाढायला यावेळी तोडीवरून आलेली तरुण माणसं होती, आणि म्हातारी मंडळी ओळीने बसून मागून घेत होती. जेवणं झाल्यावर बायकांना उठू दिलं नाही. बुवा, मौलाना आणि त्या दिवशी मुद्दाम आलेले आमचे पाळक असे तिघं नळाशी बसून राखेने पातेली घासायला लागले. मावशी वर उभी राहून बघत होती.

"मौलाना, बुडाला काजळी ऱ्हायली. बुवा, तुमचं तर काय बघूच नगा. वीणा धरल्यासारकं धरलंय पातेलं."

पाळकांनी न सांगताच आपलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. सगळं अंगण हसत होतं.

मी किल्ली ग्रामसेवकाकडे द्यायला गेले, तर तो म्हणाला, "ठेवा तुमच्याकडंच. पाइपा आता दुसरीकडं ठेवल्यात." मी किल्ली पदराला बांधली आणि घरी आले. कोणाच्या घरी जायचं नव्हतं, कोणाची गोळी राहिली नव्हती. पंखा लावला, पाय पसरले, आणि नाताळापासून पहिल्यांदाच दुपारची चांगली दोन तास झोपले.